पांढऱ्या मातीच्या खड्ड्याची मालकी

नाही, नाही, पायाचं मग विचारा. आठ दिवस पाहतोय, जो येतो तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो, बांबूच्या कामट्यांकडे बघतो, चुकचुकतो आणि विचारतो, "किती दिवस लागतील?" अहो, लागतील तितके लागतील, हाड आहे ते, त्याला काय एस.टी.चं वेळापत्रक आहे? पण खड्डा कुणाचा, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही! दिवाळी तोंडावर आली, साठ-सत्तर माणसं भेटून गेली, घरातली साखर संपली, आणि कायद्याचा मुख्य मुद्दा होता तिथेच आहे. तुम्ही जरा ऐकून घेणारी माणसं दिसता, म्हणून तुम्हाला सांगतो. पायाचं मग. आधी खड्डा.

मी वासुदेवराव. एम.ए., एलएल.एम., सुवर्णपदक. पदक दाखवलं असतं, पण आमच्या मंडळींनी, सुंदरबाईंनी, ते कुठल्याशा डब्यात ठेवलंय, आणि डबा कुठे ठेवलाय हे विचारलं की त्या विचारतात, "आता कोणाले दाखवता?" त्यांचंही खरं आहे. नागपूरला एकतीस वर्षं कायदा शिकवला. वकिली? केली ना. एक दिवस. चव्वेचाळीस साली काळा कोट घालून उभा राहिलो, समोरचे वकील अर्धा तास बोलले, मी लक्ष देऊन ऐकलं, आणि न्यायाधीशांनी मला विचारलं, "आपलं काय म्हणणं आहे?" तर मी म्हणालो, "साहेब, यांचंही बरोबर वाटतं." अशिलाने आवारातच माझ्या हातातून कागद काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून मी शिकवायला लागलो.

शिकवायचो काय, तर टॉर्ट. मराठीत अपकृत्य म्हणतात, ऐकताना काहीतरी किळसवाणं केल्यासारखं वाटतं, पण विषय अगदी साधा... तुमच्यामुळे, तुमच्या बैलामुळे, तुमच्या जागेमुळे दुसऱ्याला लागलं, तर भरून कोणी द्यायचं? आणि त्यातला माझा आवडता भाग म्हणजे रस्त्याकडेची जागा. रस्त्याला लागून तुमची जमीन, जमिनीत खड्डा, वाटेने जाणारा माणूस चुकून दोन पावलं बाजूला सरकला आणि पडला, तर मालक जबाबदार. कुंपण घाल, नाहीतर इशारा दे, नाहीतर भोग. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी हा खड्डा फळ्यावर काढायचो. फार सुरेख काढायचो. मुलं धडा विसरली असतील, खड्डा विसरली नसतील.

आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन इथे आसगावला, वडिलांच्या शेतावरच्या घरी राहायला आलो, तर समोर काय? पवनीचा रस्ता, आणि रस्त्याला अगदी खेटून... खड्डा. थेट माझ्या फळ्यावरचा!

आता हा खड्डा साधासुधा समजू नका. त्यात पांढरी माती निघते. दिवाळीआधी गावच्या बाया टोपल्या घेऊन येतात, बसून खणतात, घरी नेऊन भिंती सारवतात. त्यांच्या सासवांनी खणला, त्यांच्या आजेसासवांनी खणला, त्यामुळे तो आता चांगला पुरुषभर खोल झालाय. पवनीहून येताना आसगाव लांबून पांढरं दिसतं ना, ते या खड्ड्यामुळे. तुम्हाला सांगतो, मी कुणाच्याही अंगणात बसलो की भिंतीकडे बघायचो आणि छाती जरा पुढे यायची. का? कारण खड्डा माझा होता.

म्हणजे... मी तसं म्हणायचो. यादोरावही तसंच म्हणायचे.

यादोराव शेजारी. त्यांची धानाची बांधी त्या बाजूला, माझी या बाजूला, मधे ही चार डिसमिलची चिंचोळी पट्टी आणि पट्टीत खड्डा. माझे वडील आणि त्यांचे वडील याच्यावर भांडले. आम्ही भांडत नाही, आमचा वाद आहे. पोळ्याला ते आपली बैलजोडी आधी त्या पट्टीत उभी करणार आणि मग मारुतीपुढे नेणार, गावाला दिसलं पाहिजे म्हणून. माझ्याकडे बैल नाहीत, तर मी आपला छत्री घेऊन तिथे उभा राहायचो. यादोराव चौथी शिकलेले, पण आयुष्यात कधी शंका आली नाही त्या माणसाला. मला म्हणायचे, "वकीलसाब, तुमी कागद वाचा, मी जमीन वाचतो." एक दिवसाचा वकील मी, आणि सगळा गाव मला वकीलसाब म्हणतो... टोमणा आहे की मान आहे, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. शेवटी दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला, त्यालाही तीन वर्षं झाली, आणि मोजणीवाला काही येईना.

इथे माझी खरी पंचाईत सुरू झाली. कारण खड्डा माझा, तर जबाबदारीही माझीच ना? रस्त्याने माणसं जातात, पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरतो, वर हिरवं शेवाळ धरतं, लांबून अगदी गवताचा तुकडा वाटतो. मी ठरवलं, पाटी लावायची. फळी आणली, खांब आणला, रंग आणला. आणि मजकूर लिहायला बसलो. आता तुम्हीच सांगा, काय लिहाल? "सावधान, पुढे खड्डा आहे"... म्हणजे धोका मला ठाऊक होता हे मीच लिहून दिलं! "खड्ड्यात पडल्यास मालक जबाबदार नाही"... हे बेजबाबदारपणाचं झालं, शिवाय टिकत नाही. "खड्डा" लिहावं की "खोलगट भाग"? आणि वाचता न येणाऱ्याचं काय? चित्र काढावं? पडणाऱ्या माणसाचं काढावं की सावध झालेल्याचं? अकरा महिने गेले. अकरा! सुंदरबाई म्हणाल्या, "तेवढ्यात खड्डा बुजवून झाला असता." पण बुजवायचा कसा हो? गावाच्या भिंतींचं काय? शेवटी मजकूर ठरला, पाटी रंगवून झाली, वाळायला ओसरीत ठेवली. काळ्या फळीवर पांढरी अक्षरं: सावधान. पुढे खड्डा आहे. मालक, वासुदेवराव, एम.ए., एलएल.एम.

पाटी वाळत होती त्याच आठवड्यात केशरबाई पडली.

केशरबाई म्हणजे गावातल्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीची पुढारीण. बावीस बाया तिच्या हाताखाली. नवरा नाही, मूल नाही, रस्त्याच्या पलीकडे एकटीचं घर, पन्नाशीचं वय, आणि चिखलात उतरली की दोरी न लावता ओळ सरळ. तिच्या ओळीकडे बघून बाकीच्या बाया रोवतात. त्या दिवशी डोक्यावर पऱ्ह्यांची टोपली, म्हणजे धानाची कोवळी रोपं, घेऊन ती रस्त्याने चालली होती. मागून पवनीची एस.टी. आली, ड्रायव्हरने बिचाऱ्याने शिस्तीत हॉर्न दिला, केशरबाई शिस्तीत दोन पावलं बाजूला झाली, आणि बाई दिसेनाशी झाली. शेवाळावर नुसती टोपली तरंगत होती.

मी ओसरीतून पाहिलं. हातात चहा होता. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? "दोन पावलं... म्हणजे नियमात बसतं."

मग धावलो. एस.टी. थांबली, माणसं उतरली, बाईला वर काढलं. पाय गुडघ्याखाली नको तिथे वळलेला, पण ती रडत नव्हती, तिचं एकच चाललं होतं, "पऱ्हे काढा, पऱ्हे काढा, सडतीन ते." आणि कंडक्टरने वही काढून विचारलं, "हा खड्डा कोणाचा?"

तुम्हाला सांगतो, इतकी शांतता मी परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा ऐकली नाही. सगळ्या गावाने यादोरावांकडे पाहिलं. दर पोळ्याला बैल उभे करणारा माणूस! तर ते आकाशाकडे बघत म्हणाले, "मले का मालूम जी? मी तं आताच येऊन राहिलो."

आणि मी... माझं बोलणं नेहमी घशात अडकतं. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही अडकतं. पण त्या दिवशी अडकलं नाही. मी एक पाऊल पुढे आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खड्डा माझा आहे."

लिहून घ्या, म्हणालो. नाव, शिक्षण, सगळं सांगितलं. कंडक्टर म्हणाला शिक्षण नको. तरी सांगितलं! चौतीस वर्षांपूर्वी कोर्टात गेलेला आवाज आसगावच्या रस्त्यावर परत आला, याचा अभिमान वाटू नये? वाटला. अजून वाटतो. घरी आल्यावर सुंदरबाई एवढंच म्हणाल्या, "झालं तुमचं मनासारखं." मी म्हटलं, "अहो, बाईचा पाय मोडलाय." तर म्हणाल्या, "तेच म्हणून राहिली. तोंड पाहा आरशात, लग्नातबी इतकं खुललं नव्हतं."

देवाजी आमच्या गावचा हाड बसवणारा. त्याने हात फिरवला, हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही. मी दुसऱ्या दिवसापासून केशरबाईकडे डबा न्यायला लागलो. भात, वरण, भाजी. ती संकोचायची. मी तिला नियम समजावून सांगायचो, की ही दया नाही, हे तुझं येणं आहे, कारण खड्डा माझा आहे. ती म्हणायची, "बरं जी," आणि जेवायची.

आता इथे मी घोडचूक केली. चूक म्हणजे काय, सवय हो! एकतीस वर्षांची सवय. चौथ्या दिवशी यादोराव ओसरीत आले, तंबाखू मळत बसले आणि हळूच म्हणाले, "वकीलसाब, एक इचारतो. तुमी काहून कबूल केलं? चूप राह्यले असते तं कोणी धरलं असतं तुमाले?" कुणी प्रश्न विचारला की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. मी पाऊण तास बोललो. कोळशाने जमिनीवर खड्डा काढला. आणि सगळ्यात शेवटी, अगदी मन लावून, सांगितलं की यादोराव, यात आणखी एक बारीक मुद्दा आहे, जो जबाबदारी घेतो त्याला मालक ठरणं सोपं जातं, नाही म्हणणाऱ्याने मालकीही सोडल्यासारखी होते. यादोरावांनी तंबाखू तोंडात टाकला, "बरं समजावता तुमी" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो तर केशरबाईच्या खाटेशी यादोराव! समोर दुधाचा गडवा, ताटात वडे. मला बघून शांतपणे म्हणाले, "या वकीलसाब, बसा. तुमी कायले तकलीफ घेतली? खड्डा माहा आहे."

अहो, मीच शिकवलेलं मलाच!

मग सुरू झालं. पाटी ओसरीतच राहिली, तिच्यावर मालक म्हणून नाव कुणाचं हाच तर वाद! मी सकाळी वरणभात नेला की ते दुपारी पुरणपोळी नेणार. मी घोंगडी दिली की ते रजई देणार. मी देवाजीला तपासायला पाठवलं की ते त्याच देवाजीला तासाभराने परत पाठवणार, देवाजी म्हणाला, माझेच पाय दुखायला लागले. जगात इजा झालेल्या माणसाच्या दारात दोन मालक "मी जबाबदार, मी जबाबदार" म्हणून भांडल्याचं एखादं उदाहरण असेल तर मला दाखवा, मी सगळे निकाल वाचलेत, एक नाही! केशरबाई पंधरा दिवसांत चांगली सुधारली. पण एक दिवस आमचा वाद ऐकता ऐकता तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "खाण्याचं जाऊ द्या जी. माह्या रोवण्याचं का करता?"

खरं नुकसान तेच होतं. टोळीचा रिवाज असा, की जी बाई ओळीत उभी तिचा धानाचा वाटा. आजारी पडली तर बदली माणूस उभं करायचं, म्हणजे वाटा कायम. पण भर रोवण्यात बदली मिळणार कुठून? गावात मोकळा हात शोधून सापडत नाही. एकट्या बाईचा वर्षाचा भात त्या महिन्यात ठरतो, आणि ती खाटेवर.

कायदा म्हणतो, इजा झालेल्याला शक्य तितकं पूर्वीच्या स्थितीत आणा. मी हे वाक्य एकतीस वेळा लिहून दिलंय. आणि गावात मोकळे हात होते किती? दोन. माझे. मी म्हटलं, "उद्यापासून बदली मी."

सुंदरबाईंनी दारात अडवलं. अडुसष्ट वय, रक्तदाब, आणि आपल्याकडे रोवणा बायांचा, माणसं फार तर चिखल करतील, पऱ्हे उपटून देतील, पण वाकून रोवणार नाहीत, लोक हसतील! मी म्हटलं हसू देत. धोतर खोचलं आणि बांधीत उतरलो, तर चिखलात उभं कोण? यादोराव. गुडघ्यापर्यंत. म्हणाले, "खड्डा माहा, तं बदली माही."

टोळीतली चंद्रभागाबाई, तिने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला, "दोन बुढे मिळून बी एक केशर होत नाही. पण राहू द्या, दोघायचा मिळून एक वाटा धरू." बघा! संयुक्त जबाबदारी. मी सहा व्याख्यानं घ्यायचो याच्यावर, बाईने एका वाक्यात उरकलं.

केशरबाईने आपली खाट उचलून बांधावर आणायला लावली होती. वर छत्री, हातात काठी. आणि मी रोवू लागलो. आता एका ठिकाणी रोपं किती लावायची? तीन? चार? मी मोजायचो, बारीक वाटलं तर बदलायचो, वाकडं वाटलं तर उपटून परत लावायचो. बाया पुढे निघून जायच्या, यादोराव त्यांच्या मागे, झपझप पण साप गेल्यासारखी ओळ, आणि मी आपला सुरुवातीलाच. बांधावरून आवाज आला, "वकीलसाब, पऱ्हा रोवून राहिले का त्याची उलटतपासणी घेऊन राहिले?" बावीस बाया कमरेतून वाकलेल्या होत्या, त्या हसून तशाच खाली बसल्या.

पण सांगू? चौथ्या दिवशी माझी ओळ सरळ आली. केशरबाई काठी टेकवत अर्धवट उठून बसली, एक डोळा मिटून ओळीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे पाहा यादोरावभाऊ, हे ओळ पाहा." एवढंच. मला सुवर्णपदक मिळालं तेव्हा पाहुण्यांनी भाषण केलं होतं, त्यातला एक शब्द आठवत नाही. हे आठवतं. आज तुम्ही त्या बांधीजवळून जाल तर उभ्या धानात एकच ओळ सुतात दिसेल, कुणाची म्हणून विचारा, गाव सांगेल. कंबर महिनाभर सरळ झाली नाही, ती गोष्ट वेगळी. केशरबाईचा वाटा कायम राहिला. आणि तो का राहिला? कारण खड्डा माझा होता!

दसरा झाला आणि तीन वर्षांनी मोजणीवाला आला. गोपीचंद नावाचा तरुण भूमापक, साखळी, नकाशे, डोळ्यावर काळा चष्मा. गाव जमला. केशरबाई काठी टेकत आली. मी एका बाजूला छत्री घेऊन, यादोराव दुसऱ्या बाजूला बैल घेऊन, पोळा नसताना! गोपीचंदने साखळी माझ्या बांधीपासून ओढली, खड्ड्याच्या अलीकडे थांबला. मला वाटलं संपलं, गेला खड्डा. यादोरावांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. मग साखळी त्यांच्या बांधीपासून ओढली... खड्ड्याच्या पलीकडे थांबला. यादोरावांचा हात बैलावर तसाच राहिला. गोपीचंदने नकाशा उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "इथे गोमाजी कोण?"

गोमाजी म्हणजे केशरबाईचा सासरा. वारून वीस वर्षं झाली. झालं होतं काय, की फार पूर्वी इथून रस्ता काढला तेव्हा गोमाजीची बांधी मधून कापली गेली. मोठा भाग रस्त्याच्या पलीकडे, केशरबाईच्या घराजवळ, आणि चिंधीएवढा एक तुकडा अलीकडे, आमच्या दोघांच्या मधे. गोमाजी तो तुकडा विसरला. आमच्या बापांना तो दिसला. आणि कागदावर तो अजून गोमाजीचा, म्हणजे आता केशरबाईचा.

केशरबाई काठी टेकत साखळीपाशी आली. मग मला म्हणाली, "म्हंजे मी माह्याच खड्ड्यात पडली का जी?"

मी म्हटलं, "कायद्याने बघितलं तर... होय."

"अन् दरसाल माती खणून त्याले खोल बी मीच केला?"

"इतर बायांसह... होय."

"अन् तुमी दोघं चिखलात?"

तुम्ही हसाल, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांची जमीन जाते तेव्हा काहीतरी जातं, माझा खड्डा गेला! आयुष्यात एकदाच छाती पुढे काढून काही म्हणालो होतो, तेही चूक निघालं. यादोराव बैलाला म्हणत होते, "चाल बापा घरी, आपला इथं काही नाही."

तर केशरबाईने काठी आडवी धरली. म्हणाली, "थांबा जी दोघंबी. हसून नाही राहिली मी. खड्डा माहा असन तं उद्या बाया मातीले येतीन. कोणी पडलं तं? मले का करा लागते?"

बघा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. मालकी कळून पाच मिनिटं झाली नाहीत आणि बाई बरोबर प्रश्नाशी आली! माझे कित्येक विद्यार्थी तीन वर्षांत तिथे पोचले नाहीत. मी सांगितलं, कुंपण घाल नाहीतर पाटी लाव. ती म्हणाली, "पाटी तं तुमच्या ओसरीत हाय म्हंते. मले देता का?"

दिली. मीच नाव बदललं. एम.ए., एलएल.एम. खोडताना काही वाटलं नाही, पण मालक या शब्दापुढचं वासुदेवराव खोडताना ब्रश जरा थांबला. तिथे केशरबाई लिहिलं आणि "मालक"चं "मालकीण" केलं. गेल्या गुरुवारी सकाळी पाटी रोवायला गेलो. यादोरावांनी भोक खणलं, खांब उभा केला, अक्षरं रस्त्याकडे. केशरबाई बघत उभी. मी मागच्या बाजूला जाऊन खांबाशी दगड ठोकले. आणि खांब सरळ आहे की नाही, याची मला शंका आली. आली ती आली! यादोराव म्हणाले सरळ आहे. केशरबाई म्हणाली सरळ आहे, आणि तिच्याइतकी सरळ नजर गावात कुणाची नाही. पण मला स्वतःला बघायचं होतं ना... म्हणून एक पाऊल मागे सरलो. मग आणखी एक.

दोन पावलं. नियमात बसतं.

खड्ड्यातून वर बघितलं तर पाटी दिसत होती. म्हणजे पाटीची मागची बाजू. कोरी. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं! अकरा महिने मजकुराचा विचार केला, पण पाटीला दोन बाजू असतात हे डोक्यात आलं नाही. खांब मात्र सरळ होता.

आणि तुम्हाला सांगतो, योग असा, की तीच पवनीची एस.टी., तोच कंडक्टर. माणसं उतरली, मला वर काढलं, त्याने वही काढली आणि विचारलं, "हा खड्डा कोणाचा?" मी चिखलात पडल्या पडल्या यादोरावांकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघत होते. आणि केशरबाई काठी टेकत पुढे आली, माझ्यासारखंच एक पाऊल, आणि माझ्यासारखंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खड्डा माहा आहे. ल्याहा."

पाय मोडला होता, पण छाती पुढे आली. एकतीस वर्षांत हजार-बाराशे मुलं हाताखालून गेली, पण शिकवलेलं कुणीतरी खरंच शिकलं, हे मी त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर पाहिलं. देवाजीने हाड बसवलं. या कामट्या बघता ना? केशरबाईच्या पायाच्याच आहेत. त्याने जपून ठेवल्या होत्या, म्हणाला, मला वाटलंच होतं.

आता ती रोज दोन वेळा डबा घेऊन येते, आणि यादोराव ओसरीत बसून विचारतात, पाटीच्या मागे काय लिहायचं? मी विचार करतोय. कालच मी तिला नीट समजावलं. म्हटलं, केशरबाई, कायद्याने तू माझं काही देणं लागत नाहीस. धोका मला ठाऊक होता. पाटीही माझी, मजकूरही माझा, मागे सरलो तोही मीच, पुढे खड्डा आहे असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. असा माणूस पडला तर मालकीण जबाबदार नाही. मुद्देसूद, एकही फट न ठेवता बोललो. एवढा चांगला युक्तिवाद मी आयुष्यात केला नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण काढलं आणि म्हणाली, "वकीलसाब, मी पडली तवा तुमी असं काही इचारलं होतं का? नाही ना? मंग जेवा."

सुंदरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आता यावर तुमचं काय म्हणणं आहे?"

काय म्हणणार? मी ताट पुढे ओढलं आणि म्हणालो, "यांचंही बरोबर वाटतं."